लोखंडी फ्लायव्हील खरडून घ्यायची पद्धत आली कुठून

रेससाठी गाडी बांधायला घेतली आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या क्रँकला बोल्टने जोडलेलं आणि क्लचची प्लेट ज्यावर दाबली जाते ते जड चाक, हलकं करायचं ठरलं की पुण्यात "कुठलं घ्यायचं" हा प्रश्न सहसा येतच नाही, "कुणाकडे खरडून घ्यायचं" हाच येतो. मूळ कास्ट आयर्नचं फ्लायव्हील काढायचं, भोसरीत ओळखीच्या टर्नरकडे न्यायचं, मागच्या बाजूने माल काढायचा, बॅलन्सिंग करून परत चढवायचं. या पद्धतीचा माग काढत गेलं तर इंजिनिअरिंग कमी आणि नियमांची पुस्तकं न् आयातीची कटकट जास्त सापडते.

क्लच-फ्लायव्हीलचा जगभरचा जुना इतिहास पुस्तकात आहेच, तो सोडून देतो. आपल्याकडची गोष्ट सुरू होते चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानाच्या धावपट्टीवरच्या रेसपासून. 1991 आधी बाहेरून रेसिंगचा पार्ट आणायचा म्हणजे परवाना, ड्युटी आणि कुणीतरी परदेशातून येणारा नातेवाईक, त्यामुळे जे हाताशी असेल तेच लेथवर चढायचं. 1983 च्या शेवटी मारुती 800 आली, 1990 मध्ये चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा कायमचा ट्रॅक झाला, 1994 ला मारुतीचीच एस्टीम आली आणि तिचं 1.3 लिटरचं इंजिन हौशी लोकांचं लाडकं झालं. जिप्सीलाही पुढे त्याच घराण्यातलं 1.3 मिळालं, त्यामुळे नाना पेठेत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात या इंजिनांचं जुनं फ्लायव्हील मिळणं अवघड नव्हतं. स्वस्तात एक जास्तीचं घ्यायचं आणि त्यावर प्रयोग करायचे, असं चालायचं.

आता खरा गुंता. टूरिंग कार (म्हणजे रोजच्या गाड्यांवरून केलेल्या रेसच्या गाड्या) आणि रॅलीसाठी 1982 पासून ग्रुप ए नावाचा जो आंतरराष्ट्रीय नियमांचा वर्ग आला त्यात फ्लायव्हीलबद्दलची अट साधारण अशी होती की त्यात बदल करा, पण मूळ फ्लायव्हील ओळखू आलं पाहिजे. म्हणजे खरडा, बदलू नका. अशा अटीमागे खर्च आटोक्यात राहावा हा हेतू धरला तर तो वाईट नाही, श्रीमंत टीमने महागडे पार्ट आणून बाकीच्यांना चिरडू नये हे बरोबरच. पण झालं काय की पैसे वाचवायच्या नादात सगळ्यात कमजोर धातूलाच सगळ्यात पातळ करायची परवानगी मिळाली, आणि हीच विचारसरणी पुढे कितीतरी ठिकाणच्या क्लब रेसच्या नियमांत उतरली. या निर्णयाची बाजू घेणारे आजही आहेत, म्हणतात मर्यादेत खरडलं तर काही होत नाही. मर्यादा कोण ठरवतं? टर्नर! आणि त्याला बिचाऱ्याला इंजिन किती आरपीएमला जाणार हे कुणी सांगितलेलं नसतं.

ग्रे कास्ट आयर्न दाबाला उत्तम, पण ताणात साधारण 200 ते 300 मेगापास्कलला (ताण मोजायचं एकक) तुटतं, ईएन24 हे मिश्रधातूचं स्टील टी कंडिशनमध्ये, म्हणजे उष्णता देऊन कडक केल्यावर, 850 च्या वर जातं. 26 सेंटीमीटर व्यासाचं फ्लायव्हील 7000 आरपीएमला फिरतं तेव्हा त्याची कड ताशी 340 किलोमीटरच्या वर पळत असते, आणि ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यात क्लच घासून घासून फ्लायव्हीलच्या तोंडावर उष्णतेच्या बारीक चिरा पडलेल्या असतात, जुन्या बाजारातल्या मालात तर हमखास. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये फ्लायव्हील आणि क्लच फुटून बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) ठिकऱ्या उडाल्या, लोक जखमी झाले, तेव्हा कुठे तिथे स्फोट अडवणारं स्टीलचं कवच आणि प्रमाणित फ्लायव्हील सक्तीचं झालं.

लेथवर फरक डोळ्यांना दिसतो. स्टीलचा लांब गुंडाळलेला बर (कापलेला कीस) निघतो, कास्ट आयर्नचा मात्र काळा भुगा पडतो, तोही कूलंट न लावता कोरडाच, हात ग्रॅफाइटने काळेकुट्ट. जुने टर्नर काम धरायच्या आधी फ्लायव्हील दोरीला टांगून हातोडीने हळूच टोकतात, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर परत नेऊन द्या म्हणतात. डाय पेनिट्रंटची (रंगीत द्रव लावून बारीक चिरा शोधायची) चाचणी फार महाग नाही तरी अजूनही बरेच जण या टोकण्यावरच भागवतात.

एवढं करून मिळतं काय? कडेजवळून, म्हणजे केंद्रापासून 12 सेंटीमीटरवरून, 2 किलो काढले आणि पहिल्या गिअरचं एकूण प्रमाण (चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या फेऱ्या) 14 धरलं तर 27 सेंटीमीटर त्रिज्येच्या टायरवर गाडी वेग घेताना जवळपास 77 किलोने हलकी झाल्यासारखी वागते. टॉप गिअरमध्ये प्रमाण 3.2 असेल तर हाच फायदा 4 किलो. म्हणून ऑटोक्रॉस (छोट्या वळणावळणाच्या ट्रॅकवर घड्याळाशी स्पर्धा), ड्रॅगवाले खूश आणि लांब सरळ ट्रॅकवाले म्हणतात काही कळलंच नाही, दोघंही खरं बोलतात. तेच 2 किलो बोल्टांच्या जवळून काढले तर दोघांनाही काही कळणार नाही, वर क्रँकला धरून ठेवणारा भाग मात्र नाजूक होईल.

क्लचची गोष्ट उशिरा आली. क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर दाबणाऱ्या प्रेशर प्लेटची लोखंडी रिंगही इंजिनाबरोबर फिरते हे लक्षात घेऊन बाहेर लहान व्यासाचे ट्विन प्लेट क्लच आले, आधी 184 मिलिमीटर, मग 140. जाडी तीच ठेवली तर तबकडीचं इनर्शिया (फिरवायला होणारा विरोध) व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतं, म्हणजे 184 वरून 140 ला आल्यावर तिसऱ्या हिश्श्यावर. दोन प्लेटा म्हणजे घासणारी चार तोंडं, त्यामुळे पकड टिकते, पण अशा क्लचच्या सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-तापवून केलेल्या) प्लेटला अर्धवट क्लचवर गाडी सरकवणं मानवत नाही, पिटमधून निघतानाच नवखा माणूस दोनदा बंद पाडतो.

आज चाकण-भोसरीत ईएन24 च्या गोळ्यातून सीएनसीवर फ्लायव्हील काढून देणारे भेटतात. रिंग गिअर (स्टार्टर ज्यात अडकतो ती दातेरी कडी) तापवून बसवणं, डॉवेलची (नेमकी जागा धरणाऱ्या पिनांची) भोकं, सगळं जमतं. अ‍ॅल्युमिनियमचंही होतं, फक्त घासणाऱ्या तोंडावर स्टीलची तबकडी स्क्रूने लावावी लागते. अडतं ते क्रमावर. आपल्याकडे आधी फ्लायव्हील करून आणतात आणि मग त्यावर बसेल असा क्लच शोधत फिरतात, तर आधी आपल्या वर्गात काय बदलायला परवानगी आहे ते वाचून, मग क्लच नक्की करून, त्याच्या बोल्ट सर्कलवरूनच (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्यावरून) फ्लायव्हीलचं ड्रॉइंग काढायला हवं.