आपल्या सॉफ्टवेअरच्या चाचण्यांची देखभाल : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आपल्या वार्षिक देखभाल कराराच्या बिलात ‘स्वयंचलित चाचण्या व सीआय देखभाल’ अशी एक स्वतंत्र बाब असते. आमचे बहुतेक ग्राहक सोलापूर आणि परिसरातील टॉवेल-चादरीचे कारखानदार, गणवेश शिवणारे उद्योजक आणि सुताचे व्यापारी आहेत. सॉफ्टवेअर व्यवस्थित चालू असताना या बाबीचे पैसे कशासाठी द्यायचे, असा रास्त प्रश्न त्यांच्यापैकी अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर नीट देता यावे आणि या कामात आपल्याकडून कोणते साहाय्य लागते तेही सांगता यावे, म्हणून हे पत्रक काढले आहे.

आपण एखादा बदल सांगता, उदाहरणार्थ चलनावर वाहन क्रमांकासाठी जागा हवी असते, तेव्हा आमचा प्रोग्रामर तो बदल स्वतःच्या संगणकावर करून गिटमध्ये, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, नोंदवतो. नोंद होताच सर्व्हरवर एक कोरे मशीन सुरू होते, त्यावर आपले संपूर्ण सॉफ्टवेअर पहिल्यापासून उभारले जाते आणि आधी लिहून ठेवलेल्या सर्व चाचण्या एकामागून एक चालवल्या जातात. सर्व पास झाल्या तर हिरवी खूण उमटते. एक जरी नापास झाली तर लाल खूण उमटते आणि तो बदल आपल्या कार्यालयापर्यंत पोहोचत नाही. सर्वांचे काम वरचेवर एकत्र आणून ते लगेच तपासण्याच्या या पद्धतीला कंटिन्युअस इंटिग्रेशन, म्हणजे सीआय, म्हणतात. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या कार्यपद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी ती रुजवली. पुढे 2011 पासून जेनकिन्स या नावाने ओळखले जाणारे सीआयचे मुक्त सॉफ्टवेअर आले, 2019 मध्ये गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाची गिटहब अ‍ॅक्शन्स ही सीआय सेवा सर्वांसाठी खुली झाली, आणि ही पद्धत आमच्यासारख्या छोट्या संस्थांच्याही आवाक्यात आली.

प्रत्येक चाचणीत तीन गोष्टी असतात : ठरावीक माहिती, त्या माहितीवर करायची क्रिया आणि अपेक्षित उत्तर. यंत्रणा पहिल्या दोन गोष्टी सॉफ्टवेअरला देते आणि मिळालेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते. हे अपेक्षित उत्तर कायद्यातून आणि आपल्या व्यवहाराच्या रीतीतून येते, आणि या दोन्ही गोष्टी बदलत असतात. देखभालीचे खरे काम येथेच सुरू होते.

सर्वांच्या अनुभवातले उदाहरण वस्तू व सेवा कराचे आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपडे आणि टॉवेल-चादरींसारख्या वस्तूंचे दर बदलले. त्याआधी नगाची किंमत 1000 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के आणि त्याहून जास्त असेल तर 12 टक्के कर होता. आता 2500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के आहे. म्हणजे 1200 रुपयांच्या चादरीचा दर 12 वरून 5 वर आला, 2800 रुपयांच्या चादरीचा 12 वरून 18 वर गेला, आणि 900 रुपयांच्या टॉवेल-संचाचा तसाच राहिला. अशा वेळी जुन्या चाचण्यांतील आकडे खोडून नवे लिहावेत, असे वाटणे साहजिक आहे. परंतु तसे केल्यास मोठे नुकसान होते, कारण ऑगस्टमध्ये विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला तर त्याची क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच निघाली पाहिजे. म्हणून जुन्या चाचण्यांना आम्ही जुन्या तारखा घालून जपतो आणि नव्या दरांच्या चाचण्या त्यांच्या शेजारी लिहितो. त्यातही 2500 आणि 2501 रुपये या दोन किमती, तसेच 21 आणि 22 सप्टेंबर या दोन तारखा आवर्जून घेतो. प्रोग्राममधील चुका बहुधा अशा सीमेवरच दडलेल्या असतात, आणि हाताने तपासणारा माणूस सीमेवरचे आकडे क्वचितच निवडतो.

दुसरे उदाहरण घड्याळाचे आहे. चाचण्या ज्या सर्व्हरवर चालतात त्यांचे घड्याळ सामान्यतः जागतिक प्रमाणवेळेवर असते आणि ती वेळ आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते. सोलापूरजवळच्या चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतीतून 1 एप्रिलच्या पहाटे दोन वाजता गाडी भरून निघाली, तर सर्व्हरच्या लेखी तेव्हा 31 मार्चचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. सॉफ्टवेअरने ती तारीख जशीच्या तशी धरली, तर बिलाला मागील आर्थिक वर्षाच्या मालिकेतील क्रमांक पडतो. नियमानुसार बिल क्रमांक आर्थिक वर्षापुरता एकमेव आणि सलग असावा लागतो, आणि हा गोंधळ विवरणपत्र भरतानाच उघडकीस येतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. रात्रपाळी असलेल्या प्रत्येक ग्राहकासाठी आम्ही मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेची चाचणी स्वतंत्रपणे ठेवतो.

या चाचण्या एकदा लिहून ठेवल्या की कायमच्या झाल्या, असा समज आमच्या मते सर्वांत घातक आहे. यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. पण थांबवणारा तो भागच झिजला, तर माग चालू दिसत राहतो आणि सदोष कापड मुकाट्याने विणले जाते. दुर्लक्षित चाचण्यांचे तसेच होते. एखादी चाचणी कधी पास तर कधी नापास होऊ लागली की प्रोग्रामर ‘पुन्हा चालवून पाहू’ म्हणतो, दुसऱ्यांदा ती पास होते आणि हळूहळू लाल खुणेकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागते. ही सवय लागलेल्या प्रकल्पात चाचण्या असणे आणि नसणे यांत फारसा फरक उरत नाही. उलट हिरव्या खुणेवरचा खोटा विश्वास अधिक महाग पडतो. म्हणून अशी अस्थिर चाचणी सापडताच आम्ही ती बाजूला काढतो आणि तिचे कारण शोधूनच परत जागेवर ठेवतो. दोन चाचण्या एकाच नोंदीवर काम करत असणे, उत्तर येण्याआधीच तपासणी होणे, किंवा निकाल त्या दिवसाच्या तारखेवर अवलंबून असणे, ही नेहमीची कारणे आहेत. या कामातून आपल्याला पडद्यावर नवे काहीही दिसत नाही. तरीही देखभालीच्या वेळेचा बराच भाग याच कामाला जातो आणि तो जायलाच हवा, असे आमचे ठाम मत आहे.

बाहेरच्या यंत्रणांशी जोडलेल्या भागाबद्दल थोडे वेगळे सांगावे लागते. ई-इन्व्हॉइस किंवा ई-वे बिल करणारा भाग तपासताना खऱ्या सरकारी पोर्टलवर बिल पाठवता येत नाही. म्हणून चाचणीत पोर्टलच्या जागी एक प्रतिरूप उभे केले जाते आणि ते पोर्टलसारखीच उत्तरे देते. पोर्टलने माहितीचा नमुना बदलला, तरी प्रतिरूप मात्र जुनीच उत्तरे देत राहते आणि चाचण्या पास होतच राहतात. हे टाळण्यासाठी चाचणीकरिता उपलब्ध असलेल्या सँडबॉक्सवर, म्हणजे पोर्टलच्या सरावासाठीच्या प्रतीवर, ठरावीक काळाने खरी देवाणघेवाण करून प्रतिरूप जुळवून घ्यावे लागते.

ज्या पायावर सॉफ्टवेअर उभे आहे तोही जुना होत असतो. पायथन 2 या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्तीचा आधार, म्हणजे निर्मात्यांकडून होणारी दुरुस्ती, 1 जानेवारी 2020 रोजी संपला, पीएचपी 7.4 या दुसऱ्या भाषेच्या आवृत्तीचा नोव्हेंबर 2022 मध्ये संपला, आणि गिटहबने उबंटू 20.04 या ऑपरेटिंग सिस्टिमवरची चाचणीची मशीन एप्रिल 2025 मध्ये बंद केली. पाया बदलताना आपल्या कोडमध्ये एक ओळही बदललेली नसताना हिशेब चुकू शकतो. डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत (इतर सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या तयार कोडमध्ये) गंभीर सुरक्षा-दोष सापडला, तेव्हा जगभरच्या संस्थांना ती तातडीने बदलावी लागली. अशा वेळी चाचण्या जिवंत असतील तर नवी आवृत्ती बसवून काही तासांत खात्री करता येते. नसतील तर दोष तसाच ठेवावा की न तपासता बदल करावा, अशी कोंडी होते.

चाचण्यांत आपल्या खऱ्या ग्राहकांची नावे, फोन क्रमांक किंवा उधारीच्या नोंदी आम्ही वापरत नाही. सर्व माहिती बनवलेली असते. तसेच काही गोष्टी या यंत्रणेच्या कक्षेत येत नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. बारकोडचा प्रिंटर, वजनकाटा, जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मराठी अक्षरे नीट उमटतात की नाही, आणि गर्दीच्या वेळी आपल्या कर्मचाऱ्याला पडदा सोयीचा वाटतो की नाही, हे आपल्या जागेवर येऊनच पाहावे लागते. सीआयमुळे बॅकअपची गरजही संपत नाही.

आता आपल्याकडून अपेक्षित असलेल्या साहाय्याविषयी. कराचा दर, सवलतीची रीत, मजुरीचा हिशेब किंवा बिलाची मालिका बदलणार असेल, तर तो बदल लागू होण्यापूर्वी आम्हाला कळवावे. त्यासोबत आपल्या हिशेबनीसांनी किंवा करसल्लागारांनी हाताने सोडवलेली काही नमुना बिले पाठवावीत. त्यांत एक साधे, एक माल परत आल्याचे आणि एक नेहमी अडचणीचे ठरणारे बिल असावे. बरोबर उत्तर काय, हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे. आम्ही ते अंदाजाने ठरवू नये, आणि ठरवतही नाही. चूक आढळल्यास फोनवर वर्णन करण्याऐवजी बिल क्रमांक, वेळ आणि पडद्याचे छायाचित्र पाठवावे, कारण दुरुस्तीच्या आधी ती चूक पकडणारी चाचणी लिहिण्याचा आमचा नियम आहे. त्या चाचणीसाठी नेमकी तीच माहिती लागते.

तातडीच्या प्रसंगी ‘चाचण्या राहू द्या, आधी बदल चढवा’ अशी विनंती होते. आपली अडचण आम्ही समजू शकतो. परंतु संपूर्ण तपासणी सुमारे दहा मिनिटांत पूर्ण व्हावी, अशा बेताने आम्ही ती जाणीवपूर्वक आखतो आणि तेवढा वेळ आपण द्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. आपल्यासाठी लिहिलेल्या सर्व चाचण्या आणि सीआयची मांडणी आपल्या कोडसोबतच साठवलेली असते व ती आपल्या मालकीची असते. करार संपल्यास किंवा आपण दुसऱ्या संस्थेकडे काम सोपवल्यास ती संपूर्णपणे, चालू स्थितीत आपल्या स्वाधीन केली जाईल.