महाविद्यालयाच्या आवारात आवाज कुठे जातो?

पुण्यातील एफ. सी. रोडच्या गजबजाटातून १८८५ साली स्थापन झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आवारात शिरले, की शंभर-दीडशे पावलांतच कानांवरचे ओझे उतरते. याचे कारण विचारल्यास बहुतेक जण झाडे आवाज शोषतात असे सांगतात, तर काही जण जागेतील सकारात्मक ऊर्जेचा दाखला देतात. या ऊर्जेला विज्ञानात कोणताही आधार नाही. झाडांचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. दहा सेंटिमीटरचे पान साधारण तेवढ्याच तरंगलांबीचा, म्हणजे ३,४०० हर्ट्‌झच्या आसपासचा, कर्कश ध्वनी विखुरते. बसच्या १०० हर्ट्‌झच्या घरघरीची तरंगलांबी मात्र जवळपास साडेतीन मीटर असते. तिच्या वाटेत पान आले काय आणि न आले काय, सारखेच.

मोठा वाटा अंतराचा आहे. हॉर्न हा बिंदूस्रोत, म्हणजे एकाच ठिकाणाहून सगळीकडे ध्वनी पसरवणारा, असल्याने अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी ६ डेसिबलने उतरते, तर अखंड वाहतूक हा रेषास्रोत, म्हणजे रस्त्याच्या लांबीभर पसरलेला, असल्याने ती ३ डेसिबलनेच उतरते. रस्त्यापासूनचे अंतर १० मीटरवरून १६० मीटरवर गेले, की हॉर्न २४ डेसिबलने मंदावतो आणि वाहतूक फक्त १२ डेसिबलने. म्हणूनच आत हॉर्न विरून जातात आणि मागे एक सलग गुरगुर उरते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते मातीचे काम. कानापर्यंत ध्वनी दोन वाटांनी पोहोचतो: एक थेट, दुसरा जमिनीवरून परावर्तित होऊन. डांबरासारख्या कठीण पृष्ठभागावर दोन्ही तरंग एकाच कलेत, म्हणजे शिखरावर शिखर आणि दरीवर दरी अशा जुळणीत, येऊन एकमेकांत मिळतात आणि आवाज वाढतो. सच्छिद्र, पालापाचोळ्याने झाकलेल्या मातीवर ध्वनी अगदी तिरकस, जमिनीला जवळजवळ समांतर आला, तर परावर्तित तरंगाची कला उलटते. दोन्ही वाटांच्या लांबीत फारसा फरक नसल्याने एकाचा शिखरबिंदू दुसऱ्याच्या दरीवर पडतो आणि काहीशे हर्ट्‌झच्या पट्ट्यातला ध्वनी बराचसा रद्द होतो. इंजिने आणि टायर जमिनीलगत असल्याने ही अट रस्त्याच्या आवाजाला नेमकी लागू पडते. झाडांचा खरा उपकार इथे आहे, कारण त्यांची मुळे आणि गळलेली पाने माती भुसभुशीत ठेवतात.

शांतता क्षेत्रासाठी दिवसाची कायदेशीर मर्यादा ५० डेसिबल आहे. तिच्या जवळ जायचे तर एकेक डेसिबल मोलाचा ठरतो, आणि तरीही स्वच्छतेच्या नावाखाली पाचोळा रोज झाडून काढला जातो आणि मातीच्या पायवाटांवर पेव्हर ब्लॉक बसवले जातात. अशा ठिकाणी एकही झाड न तोडता रस्ता कानाच्या जवळ येतो.