शरीरगंध, व्याधिजन्य

दीर्घकालीन आजारामुळे श्वास, घाम, लघवी किंवा जखमेतून सतत येणारा व नेहमीच्या स्वच्छतेने न जाणारा दुर्गंध. उपचार ठरतो तो वासाच्या उगमावरून. काखेतला वास त्वचेवरील जीवाणू तयार करतात, म्हणून तेथे साबण व घामरोधक उपयोगी पडतात. रक्तातून फुप्फुसांवाटे बाहेर पडणाऱ्या वासावर मात्र ते निरुपयोगी ठरतात.

यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या श्वासाला गोडसर, कुबट वास येतो. त्याच्या कारकाविषयी मतभेद होते. चॅलेंजर व वॉल्श या संशोधकांनी १९५५ मध्ये मिथिल मरकॅप्टन या गंधकयुक्त संयुगाकडे बोट दाखवले आणि ते मत पाठ्यपुस्तकांत बराच काळ टिकून राहिले. १९९४ मध्ये टांगरमन व सहकाऱ्यांनी डायमिथिल सल्फाइड हे मुख्य कारण मानले. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण मरकॅप्टन रक्तातच अडकून पडते, तर सल्फाइड स्थिर असल्याने वायुकोशांपर्यंत पोचते. तोंड मिटून नाकाने सोडलेल्या श्वासातही वास कायम असेल आणि नाकाचा विकार नसेल, तर उगम तोंडाच्या पलीकडे शोधावा.

मूत्रपिंडाच्या विकारात लाळेतील युरियापासून अमोनिया बनतो. जीभ घासल्याने थोडाच फरक पडतो. मधुमेही रुग्णाच्या श्वासाला ॲसिटोनचा वास येऊन सोबत उलट्या व धाप असल्यास ती तातडीची अवस्था समजावी.

ट्रायमिथिलअमिन्यूरिया या चयापचयाच्या विकारात अंगाला माशासारखा वास येतो. आहारातील कोलीन, कार्निटीन इत्यादी घटकांपासून आतड्यातील जीवाणू ट्रायमिथिलअमाइन तयार करतात. एफएमओ३ या विकराच्या (एन्झाइमच्या) उणिवेमुळे त्याचे गंधहीन ऑक्साइडात रूपांतर होत नाही. निरोगी व्यक्तीच्या लघवीत या दोहोंच्या एकूण प्रमाणात ऑक्साइडाचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक असतो. हे अमाइन उडून जाते, म्हणून चाचणीसाठी घेतलेला लघवीचा नमुना लगेच आम्लयुक्त करून गोठवावा लागतो. नाहीतर निष्कर्ष खोटा निघतो. मूत्रमार्गाचा संसर्ग असल्यास जीवाणू लघवीतच ऑक्साइडाचे पुन्हा अमाइन करतात आणि विकार नसतानाही चाचणीत तो असल्याचे दिसते. सौम्य प्रकार पथ्यावर असताना दिसत नाही, त्यामुळे कोलीनयुक्त आहारानंतरची चाचणी अधिक भरवशाची. स्त्रियांत पाळीच्या सुमारास वास वाढतो.

या विकारात आहारातील समुद्री मासे, अंडी, प्राण्यांचे यकृत व सोयाबीन कमी करतात. गरोदरपणात मात्र कोलीन फार तोडू नये. सामान्यतः सक्रिय कोळसा ७५० मिग्रॅ. दिवसातून दोनदा १० दिवस, किंवा ताम्र-क्लोरोफिलिन ६० मिग्रॅ. जेवणानंतर तीनदा ३ आठवडे देतात. कोळसा इतर औषधेही शोषतो, तेव्हा मध्ये अंतर ठेवावे. अंगासाठी पीएच ५.५ ते ६.५ चा साबण घ्यावा, कारण आम्लात अमाइनाचा क्षार बनून ते उडत नाही. नेहमीचा साबण अल्कधर्मी असल्याने उलटाच परिणाम करतो.

कर्करोगाच्या उघड्या जखमांतील वास विनॉक्सी (ऑक्सिजनविना वाढणाऱ्या) जीवाणूंचा असतो. जखम धुऊन ०.७५ टक्के मेट्रोनिडाझोल जेल लावतात. वर कोळशाची पट्टी ठेवल्यास ती ओली होऊ देऊ नये, भिजली की तिची शोषणशक्ती घटते. तिच्याखाली स्राव टिपणारा थर हवा आणि कडा बंद हव्यात. सुगंधी फवारा वासात मिसळून तो अधिक असह्य करतो.

वास इतर कोणालाच येत नसेल व चाचण्याही निर्दोष असतील, तर आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेचे रोगवर्गीकरण) मध्ये नोंदलेल्या गंधभ्रम विकाराचा, म्हणजे आपल्या अंगाला दुर्गंध येतो या ठाम समजुतीचा, विचार करतात. त्यावर मानसोपचार असतात; प्रतिजैविके देत राहू नयेत.