धरसोड आणि चौफेर कुतूहल: दोघांना एका दावणीला बांधू नका

सोलापुरात एखादी बाई शाळेची नोकरी सांभाळून हळेकन्नड म्हणजे जुन्या कानडीची अक्षरं गिरवते, हिवाळ्यात दुर्बीण घेऊन नान्नजच्या माळावर पक्षी बघायला जाते आणि सुट्टीत पूर्व भागातल्या कारखान्यात चादरीवरचा मोर कसा उमटतो ते विचारत बसते. मग घरचे-दारचे एकच म्हण ऐकवतात: एक ना धड, भाराभर चिंध्या. म्हण खोटी नाही. ती भलत्याच माणसाला लावली जाते, आणि हे इतक्यांदा होताना पाहिलंय की आता लिहिणं भाग आहे. उलटी गल्लतही तेवढीच होते. ज्याला कशातच टिकायचं नसतं, तो ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ म्हणून वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर झळकतो. या शब्दाचा मला मनापासून राग येतो, कारण त्यामागे काय शिकलात हे कुणी विचारतच नाही.

धरसोड सगळ्यांच्या परिचयाची आहे, म्हणून ती थोडक्यात. जानेवारीत जिम, मार्चमध्ये गिटार, पावसाळ्यात शेअर बाजार, दिवाळीनंतर स्पर्धा परीक्षेचा क्लास. सामान आधी येतं, पहिले पंधरा दिवस जोशात जातात आणि अवघड वाटलं की गाडी दुसरीकडे वळते. प्रत्येक घरात असा एक खण असतो, त्यात हे सामान पडून असतं.

वरवरचे फरक पुष्कळ सांगतात, त्यात फारसं काही नाही. छंद किती, यावर काही ठरत नाही. दोन छंदांतही धरसोड होते आणि दहांतही होत नाही. वय, पदवी, पैसा यांवरही नाही. खर्चाबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे: प्रश्न पडण्याआधी खरेदी करू नये. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं ग्रंथालय गावात असताना महागड्या ऑनलाइन कोर्सपासून सुरुवात का करावी, हे मला कळत नाही.

लोक खरे अडखळतात ते ‘पूर्ण केलं का?’ या प्रश्नापाशी. आईवडील हाच विचारतात, शिक्षक हाच विचारतात, मुलाखत घेणारेही हाच. पूर्ण करतो तो जिज्ञासू आणि अर्ध्यावर सोडतो तो धरसोड्या, अशी सरळ वाटणी केली जाते. ती साफ चुकीची आहे. दोघंही सोडतात. चौफेर कुतूहलाचा माणूस तर कधीकधी जास्तच सोडतो. तेव्हा सोडलं की नाही यापेक्षा कुठे सोडलं, कशासाठी सोडलं आणि सोडल्यावर हाताशी काय उरलं, हे पाहायला हवं.

माझ्या ओळखीतले दोघं चादरीच्या मागे लागले होते. पहिल्याने छोटा हातमाग आणला, वीतभर कापड विणलं, त्याचे फोटो सगळ्यांना पाठवले. धागे तुटायला लागले तसा माग माळ्यावर गेला. दुसऱ्याने आजतागायत एक वीतही विणलेली नाही. तो जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाशेजारी बसून राहिला, कारण त्याचा प्रश्न एकच होता: उभे-आडवे दोनच प्रकारचे धागे असताना मोराची मान वळते कशी? कार्ड पाडणाऱ्या कारागिराने त्याला दाखवलं. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवतात. मग आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीसाठी पुठ्ठ्याचं एक कार्ड पाडतात. जिथे भोक, तिथला उभा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नाही, तिथला खालीच राहतो. ही कार्डं ओळीने ओवून त्यांची माळ करतात आणि माग ती एकेक करून वाचत जातो.

एवढं कळल्यावर तो मागापाशी जायचा थांबला. पण प्रश्न थांबला नाही. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांवर जर मोर उभा राहतो, तर आणखी काय उभं राहील? तिथून तो फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ मारी जॅकार्डकडे गेला, ज्याने १८०४ मध्ये हा माग पुढे आणला. मग चार्ल्स बॅबेजकडे, ज्याने आपल्या गणनयंत्राला सूचना देण्यासाठी अशीच कार्डं योजली होती. मग १८९० च्या अमेरिकी जनगणनेकडे, जिची मोजणी भोकं पाडलेल्या कार्डांवर झाली. आज तो आपल्या नववीतल्या मुलीला संगणकातलं शून्य आणि एक सोलापुरी चादर समोर पसरून शिकवतो.

‘पूर्ण केलं का?’ हा निकष लावला तर पहिल्याकडे दाखवायला कापड आहे आणि दुसऱ्याकडे काहीच नाही. तरीही धरसोड पहिल्याची. कापड विणण्याची त्याची हौस पुरी झाली नव्हती, फक्त गंमत संपली होती. दुसरा निघाला तेव्हा त्याला हवं ते उत्तर मिळालं होतं आणि ते उत्तर घेऊनच तो पुढच्या दारात गेला.

कंटाळ्याचा टप्पा कुणालाच चुकत नाही. धरसोड करणारा तिथूनच मागे फिरतो, कारण त्याला सुरुवातीचं नवेपण हवं असतं आणि ते तोवर आटलेलं असतं. जिज्ञासूलाही कंटाळा येतो. त्याचा प्रश्न त्याला त्यातून ओढून नेतो. नान्नजचंच पाहा. माळढोक या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं, आणि आता तिथे माळढोक दिसणं फार दुर्मीळ झालं आहे. एका सकाळी काहीच न दिसल्यावर ज्याची दुर्बीण खणात गेली, त्याला फोटो हवा होता. ज्याला ‘हा पक्षी गेला कुठे?’ हे हवं असतं, तो रिकाम्या माळावरही बसतो. मग त्याला कळतं की माळढोकाला मोकळं गवत लागतं, भोवतालची कोरडवाहू शेतंही त्याच्या उपयोगाची असतात, आणि भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी जिल्ह्यात फिरल्यावर अशा रानात ऊस उभा राहिला. तिथून तो रब्बी ज्वारीकडे वळतो. मालदांडी ही ज्वारीची जात इथे इतकी का रुजली? काळ्या, खोल रानात परतीच्या पावसाची ओल टिकते आणि पीक त्या ओलीवर निघतं, म्हणून. पक्षी बघायला निघालेला माणूस आपल्या ताटातल्या कडक भाकरीपर्यंत येऊन पोचतो. बाहेरून पाहणाऱ्याला यात चार सुटे छंद दिसतात: पक्षी, गवत, धरण, ज्वारी. आतून तो एकच प्रश्न असतो.

हळेकन्नड शिकणाऱ्या बाईंचंही तसंच. मराठी बोलणाऱ्या गावांतल्या देवळांत कानडी शिलालेख का, एवढंच त्यांना हवं होतं. अक्षर ओळखता यायला लागलं, शक आणि राजाचं नाव शोधता यायला लागलं, तिथे त्या थांबल्या. दरम्यान त्यांना कल्याणीचे चालुक्य हे जुनं राजघराणं भेटलं. सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांची वचनं कानडीत आहेत, हे लहानपणापासून त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला जाऊनही त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आता त्या नंदीध्वजांची मिरवणूक वेगळ्या नजरेने बघतात. आणि भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा, मराठी ओळ असलेला लेख आहे, तो बघायला त्या गेल्या तेव्हा शेजारच्या कानडीकडेही त्यांचं लक्ष होतं. त्या लिपितज्ज्ञ झाल्या नाहीत, व्हायचंही नव्हतं. त्यांना विचारा, त्या नेमकं सांगतील: इथपर्यंत वाचता येतं, यापुढचं येत नाही.

हे नेमकं सांगता येणं फार महत्त्वाचं आहे. धरसोड करणाऱ्याला विचारलं तर तो ‘येतं की थोडंफार’ म्हणतो; त्या थोड्याफारची हद्द त्याला स्वतःलाच ठाऊक नसते.

इथे मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. १९०७ ते १९६६ हा त्यांचा काळ. व्यवसायाने गणिती, पण प्राचीन इतिहासात उतरले, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती केली, नाण्यांवर काम केलं. यादी वाचली तर विखुरलेली वाटते. नाण्यांशी त्यांनी काय केलं ते पाहिलं की तसं वाटत नाही. तक्षशिलेची आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेली नाणी त्यांनी अचूक तराजूवर तोलली. हातोहात फिरणारं नाणं झिजतं, म्हणून वजनातली घट संख्याशास्त्राने तपासली तर कोणतं नाणं किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येतो. एका विषयातलं हत्यार दुसऱ्यात चालवलं, हीच त्यातली मेख. आपल्यापैकी कुणी कोसंबी होणार नाही, पण ही देवाणघेवाण साध्या माणसालाही जमते. नववीतल्या मुलीपुढे पसरलेली चादर तेच करते.

ज्यांचे छंद पुष्कळ आहेत त्यांना माझा एक आग्रह. सगळ्यांसाठी एकच वही ठेवा. पक्ष्यांची वेगळी, शिलालेखांची वेगळी अशा वह्या नकोत आणि फोनमधले वेगवेगळे कप्पेही नकोत. एका पानावरची गोष्ट दुसऱ्या पानाला भेटायची तर ती एकाच वहीत असावी लागते. आणि एखादा विषय सोडताना दोन ओळी लिहा: कुठे थांबले, का थांबले. ‘कळलं ते पुरे झालं’ असं लिहिता आलं तर कुणाची क्षमा मागायची गरज नाही. ‘अवघड झालं’ असं लिहावं लागलं, तर परत जायचं की नाही ते तरी डोळे उघडे ठेवून ठरवता येईल.

शेवटची गल्लत म्हणजे अख्ख्या माणसावर शिक्का मारायची. तीच व्यक्ती तबल्यात धरसोड करते आणि शिलालेखांत करत नाही. मीही अशीच आहे आणि तुम्हीही असाल. म्हणून शिक्का एकेका छंदापुरता ठेवा. घरात मुलाने तबला सोडला असेल तर ‘फी वाया गेली’ म्हणण्याआधी त्याला विचारा, तबल्यात तुला काय कळून घ्यायचं होतं? ‘शाईचा गोळा मधोमध का असतो’ असं काही तो बोलला, तर त्याला तबले तयार करणाऱ्या कारागिराकडे घेऊन जा. नुसतेच खांदे उडवले, तर फीचं बोलायला हरकत नाही.