पंख्याचा बुश घसरतो आहे की डॉग क्लच निसटतो आहे? आऊटबोर्ड इंजिनातील एका तक्रारीची दोन कारणे

थ्रॉटल वाढवला की इंजिनाचा आवाज चढतो, फेरे वाढतात, पण होडीचा वेग वाढत नाही, अशी तक्रार घेऊन आऊटबोर्ड (होडीच्या मागच्या कडेला बाहेरून टांगलेले) इंजिन दुरुस्तीला येते तेव्हा ‘गिअर गेला’ असे निदान बहुधा आधीच ठरलेले असते. प्रत्यक्षात या एकाच तक्रारीमागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. एक म्हणजे पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आतला रबरी बुश सुटणे आणि दुसरे म्हणजे खालच्या गिअरबॉक्समधील डॉग क्लच, म्हणजे गिअर जोडणारा दातेरी भाग, झिजणे. पहिल्या दोषात पंखा काढून बुश बदलला की काम संपते. दुसऱ्यात संपूर्ण लोअर युनिट, म्हणजे गिअरबॉक्स असलेला इंजिनाचा खालचा भाग, उतरवून उघडावे लागते, आणि हंगामात इंजिन बंद ठेवणे हा मच्छीमाराचा भागांच्या किमतीहून मोठा तोटा असतो. म्हणूनच गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावण्यापूर्वी हे दोन दोष वेगळे करणे आवश्यक आहे.

इंजिनाची शक्ती पंख्यापर्यंत कशी पोहोचते हे डोळ्यासमोर असले की दोन्ही दोषांची जागा लगेच लक्षात येते. उभ्या ड्राइव्ह शाफ्टच्या खालच्या टोकाला पिनियन नावाचा लहान गिअर असतो आणि तो पुढचा व मागचा असे दोन बेव्हल (तिरप्या दात्यांचे) गिअर एकाच वेळी, परस्परविरुद्ध दिशांना फिरवत असतो. इंजिन चालू असेपर्यंत हे तिन्ही गिअर न्यूट्रलमध्येही फिरतच राहतात, कारण त्यांचे दाते कायम एकमेकांत गुंतलेले असतात. पंख्याच्या शाफ्टवर स्प्लाइनवरून (लांबीच्या दिशेने कोरलेल्या खाचांवरून) पुढे-मागे सरकणारा डॉग क्लच यांपैकी ज्या गिअरच्या खाचांत जाऊन अडकतो, त्या दिशेने शाफ्ट फिरू लागतो. शाफ्टच्या बाहेरच्या टोकावर पंखा बसतो, पण तोही थेट धातूवर धातू असा बसत नाही: शाफ्टवर बसणारी आतली नळी आणि पंख्याचा बाहेरचा गाभा यांच्यामध्ये दाबून बसवलेला रबराचा बुश असतो. काही नव्या बनावटींत त्या जागी प्लास्टिकचा भाग असतो आणि लहान इंजिनांत कातरून तुटणारी शिअर पिन असते.

हा बुश इंजिनात मुद्दाम राखलेली कमकुवत जागा आहे. पंखा खडकावर किंवा वाळूच्या दांड्यावर आदळला तर धक्का बुशमध्ये जिरावा आणि गिअरचे दाते वाचावेत, यासाठीच तो असतो. असे काही धक्के खाल्ल्यावर, किंवा नुसत्या वयाने, रबराची पकड सुटते आणि आतली नळी फिरत असताना पंखा मागे पडू लागतो. डॉग क्लचची झीज मात्र बहुतांशी हाताच्या सवयीतून येते. लिव्हर हलक्या हाताने, हळूहळू गिअरमध्ये सरकवणे इंजिनासाठी चांगले, अशी समजूत सर्रास आढळते आणि ती पूर्णपणे चुकीची आहे. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल आणि गिअरचे प्रमाण साधारण दोनास एक असेल, तर पुढचा गिअर सेकंदाला जवळपास सात वेळा फिरतो. क्लचला तीन दाते असतील तर अर्धवट सरकवलेल्या स्थितीत त्यांचे कोपरे सेकंदाला सुमारे २० वेळा एकमेकांवर आपटतात. हे कोपरे एकदा गोल झाले की भार येताच क्लच खाचेतून बाहेर ढकलला जातो. लिव्हर आयडल (सर्वांत मंद) फेऱ्यांवर, पण एका ठाम हालचालीत टाकणे हाच योग्य मार्ग आहे.

सर्वांत विश्वासार्ह फरक शक्ती तुटण्याच्या पद्धतीत दिसतो. बुश घसरतो आणि क्लच उडतो. बुश सुटलेला असेल तर मंद वेगात होडी बहुधा व्यवस्थित चालते. थ्रॉटल एका मर्यादेपलीकडे नेला की फेरे एकसंधपणे, कोणत्याही ठोक्याशिवाय चढतात आणि थ्रॉटल कमी केला की पकड पुन्हा येते. घसरताना रबर तापते, तापल्यावर पकड आणखी कमी होते, म्हणून सकाळी फारसा न जाणवणारा दोष परतीच्या वाटेवर जाळ्यांचा आणि मासळीचा भार असताना ठळक होतो. क्लच झिजलेला असेल तर फेरे एकदम उसळतात, पुन्हा पडतात, खालून खट् असा जोरदार ठोका किंवा सलग खडखडाट ऐकू येतो, आणि तो धक्का लिव्हरवर व इंजिन टांगलेल्या होडीच्या आडव्या फळीवरही जाणवतो. हा आवाज एकदा ऐकलेला माणूस त्याची गल्लत रबराच्या घसरण्याशी करत नाही.

दिशेचा पुरावाही उपयोगी पडतो. बुश पुढे आणि मागे दोन्ही दिशांना तोच भार वाहतो, त्यामुळे तो सुटला की दोष दोन्ही दिशांना असतो, जरी रिव्हर्समध्ये कमी थ्रॉटल वापरल्यामुळे तो लपू शकतो. क्लचचे पुढचे आणि मागचे दाते स्वतंत्र असल्याने झीज सहसा एकाच बाजूला असते. फॉरवर्डमध्ये गिअर निसटतो पण रिव्हर्समध्ये तेवढ्याच भाराला घट्ट धरतो, असे आढळल्यास संशयाचा रोख क्लचकडे वळवावा.

यानंतरची चाचणी जवळजवळ फुकट आहे आणि तरीही ती फार कमी लोक करतात. इंजिन बंद करून, सुरक्षा दोरीची क्लिप काढून आणि स्पार्क प्लगच्या वायर सोडवून पंख्याच्या मागच्या तोंडावर रंगाची एक सरळ रेघ ओढावी, जी आतल्या नळीवरून रबर ओलांडून बाहेरच्या गाभ्यापर्यंत जाईल. रंग वाळल्यावर होडी पाण्यात नेऊन, दोष दिसेपर्यंत भार देऊन चालवावी आणि परत येऊन रेघ पाहावी. रेघ तुटून तिचे दोन तुकडे वेगवेगळ्या जागी गेले असतील तर बुश घसरला हे निर्विवाद ठरते. रेघ अखंड असेल आणि तरीही चाचणीत शक्ती तुटली असेल, तर शोध पुढे गिअरबॉक्सकडे न्यावा. पंखा हाताने पिळून ‘बुश घट्ट आहे’ असे म्हणणे मात्र निरर्थक आहे. ४० अश्वशक्तीचे इंजिन पंख्याचा शाफ्ट मिनिटाला २,५०० वेळा फिरवत असताना त्यावर सुमारे ११४ न्यूटन-मीटर पीळ येतो. गुळगुळीत, ओल्या पात्यांना धरून माणूस तेवढा जोर लावू शकत नाही, त्यामुळे किनाऱ्यावर पक्का वाटणारा बुश पाण्यात खुशाल घसरतो.

गिअर ऑइल दुसऱ्या बाजूची साक्ष देते. होडी रात्रभर इंजिन उभे ठेवून विसावू द्यावी, सकाळी गिअरबॉक्सचा तेल काढण्याचा खालचा स्क्रू किंचित सैल करावा आणि आधी काय बाहेर येते ते पाहावे. पाणी शिरले असेल तर ते तळाशी साचून प्रथम येते. चालवल्यानंतर लगेच काढलेले पाणीमिश्रित तेल दुधाळ दिसते. कोकणात गिलनेट (मासे कल्ल्यांत अडकवणारे जाळे) वापरणाऱ्या होड्यांवर पाणी शिरण्याचे एक ठरलेले कारण म्हणजे पंखा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये शाफ्टवर गुंडाळला गेलेला तंगूस (जाळ्याचा नायलॉन धागा), जो पाणी अडवणारे सील कापतो. म्हणून पंखा काढलाच आहे तर ही जागा प्रत्येक वेळी तपासावी. स्क्रूला चुंबक असल्यास त्यावरची बारीक, राखाडी, बोटांत गुळगुळीत लागणारी पेस्ट ही नेहमीची झीज समजावी. चोळल्यावर टोचणाऱ्या कपच्या किंवा तुकडे मिळाले तर मात्र इंजिन त्या क्षणापासून चालवू नये. तेल स्वच्छ निघाले म्हणून क्लच निर्दोष ठरत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. लिव्हरची केबल किंवा जोडणी नीट जुळलेली नसेल तर क्लच खाचेत पूर्ण शिरत नाही आणि दात्यांची झीज सुरू होण्याआधीच निसटू लागतो. या टप्प्यावर दोष पकडला तर नुसत्या जुळवणीने काम भागते.

बेव्हल गिअरच्या मुख्य दात्यांची झीज ही आणखी निराळी गोष्ट आहे. ते दाते झिजले तरी गुंतलेलेच राहतात, त्यामुळे शक्ती तुटण्याच्या फार आधी घरघर किंवा भारानुसार बदलणारी किणकिण ऐकू येते. दात तुटला असेल तर फेऱ्यांच्या तालावर ठोका बसतो. वळणावर किंवा लाटेवर पंखा हवा ओढतो तेव्हाही फेरे चढतात, पण सरळ रेषेत, शांत पाण्यात ते होणे थांबते, एवढ्यावरूनच त्याला बाजूला काढता येते.

दोष समुद्रात उघड झाला तर सुटलेल्या बुशवर मंद वेगाने किनारा गाठता येतो. क्लच निसटत असेल तर, मागचे दाते शाबूत असल्यास, रिव्हर्समध्ये सावकाश परतणे हे फॉरवर्डमध्ये ठोके खात येण्यापेक्षा बरे, फक्त मागच्या कडेवरून लाटेचे पाणी आत येणार नाही याकडे लक्ष हवे. घसरणारा बुश आरपार भोके पाडून बोल्टने जखडण्याचा उपाय काही जण करतात. तो किनाऱ्यावर पोहोचण्यापुरताच ठीक आहे, कारण त्यानंतरचा प्रत्येक धक्का थेट गिअरवर जातो आणि स्वस्तातला दोष महागाचा होऊन बसतो. क्लच बदलताना ज्या गिअरच्या खाचांशी तो झिजला तो गिअरही सोबत बदलावा, शिम (पातळ धातूच्या चकत्या) लावून दात्यांमधील मोकळीक इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी, आणि लोअर युनिट बसवल्यावर लिव्हरची जोडणी नव्याने जुळवावी. हे शेवटचे काम टाळले गेले तर नवा क्लचही जुन्याच्याच वाटेने जातो.