विमानतळाचा पैसा विमानतळावरच: अमेरिकेतला महसूल वळवण्याविरुद्धचा नियम

अमेरिकेत बहुतेक मोठे विमानतळ सरकारी मालकीचे आहेत, पण केंद्राच्या नाही, तर शहर, काउंटी (म्हणजे साधारण आपला जिल्हा), राज्य नाहीतर त्यांनी मिळून बनवलेल्या एखाद्या अथॉरिटीच्या. आणि ह्या मालकांना एक गोष्ट करता येत नाही, ती म्हणजे विमानतळावर जमलेला पैसा उचलून शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत टाकणं. लँडिंग फी, टर्मिनलमधलं भाडं, पार्किंगचे पैसे, भाड्याच्या गाड्यांच्या कंपन्यांकडून येणारा वाटा, दुकानं, हॉटेलं, विमानतळाच्या जमिनीखालून निघालेलं तेल किंवा गॅससुद्धा, हे सगळं विमानतळाचं उत्पन्न धरलं जातं आणि ते विमानतळावरच, किंवा त्याच मालकाच्या इतर विमानतळांवर, किंवा प्रवासी आणि मालाच्या हवाई वाहतुकीशी थेट आणि भरीव संबंध असलेल्या त्याच मालकाच्या स्थानिक सोयींवर खर्च करावं लागतं. हा नियम मोडला की त्याला रेव्हेन्यू डायव्हर्जन म्हणतात, आपण साध्या भाषेत पैसा वळवणं म्हणू.

नियमामागचा हिशोब अगदी सरळ आहे. विमानतळ ही बहुतेक ठिकाणी मक्तेदारी असते, प्रवाशाला दुसरीकडून उडायचा पर्याय नसतो, म्हणजे महापौराला बजेटमध्ये खड्डा पडला की सगळ्यात सोपा मार्ग कुठला, तर विमानतळावरचे दर वाढवा आणि फरक पोलिसांच्या पगाराला, ग्रंथालयाला, रस्त्यांना लावा. ह्यात गंमत अशी की पैसे भरणारे बरेचसे लोक त्या शहराचे मतदारच नसतात, त्यामुळे ओरड कोणी करत नाही. दुसऱ्या बाजूने केंद्र सरकार विमानतळांना धावपट्ट्यांसाठी ग्रँट देतं, तीही तिकिटावरच्या करातून जमणाऱ्या ट्रस्ट फंडातून (हा फंड १९७० चा), म्हणजे एकीकडून केंद्राने धावपट्टी बांधायला पैसे द्यायचे आणि दुसरीकडून शहराने तिथलीच कमाई काढून न्यायची, हे वॉशिंग्टनला पटणं शक्यच नव्हतं.

ह्या भांडणाची सुरुवात मात्र एका डॉलरवरून झाली. इंडियाना राज्यातल्या एव्हान्सव्हिलच्या विमानतळाने विमानात चढणाऱ्या प्रत्येक माणसामागे १ डॉलर घ्यायला सुरुवात केली, विमान कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की यात घटनाविरोधी काही नाही. मग काय, इतर ठिकाणीही असे कर उगवू लागतील ह्या धास्तीने काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) १९७३ मध्ये डोईपट्टीवर बंदीच घातली, फक्त वाजवी भाडं आणि लँडिंग फी चालेल असं ठेवून. डोईपट्टी बंद झाली, पण वाजवी फीमधून जमलेला पैसा कुठे जातो हा प्रश्न उरलाच होता, त्याचं उत्तर १९८२ मध्ये आलं. ३ सप्टेंबर १९८२ ला सही झालेल्या एका भल्यामोठ्या कर कायद्याच्या पोटात विमानतळ सुधारणा कायदा घुसवलेला होता आणि त्यात ही अट होती की केंद्राची ग्रँट घ्याल तर तुमची कमाई विमानतळावरच लावीन असं लेखी आश्वासन द्या. ग्रँटच्या करारात मालक जी आश्वासनं देतो त्यातलं हे एक, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दात असलेलं.

दात एकदम आले नाहीत, हळूहळू फुटले. १९८७ मध्ये विमानाच्या इंधनावरचे स्थानिक कर ह्यात आणले गेले. १९९४ मध्ये काँग्रेसने एफएएला (म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक खात्याला) सांगितलं की नुसतं कागदावर ठेवू नका, पकडा, ग्रँट रोखा, दंड लावा. १९९६ मध्ये तर पुढचं पाऊल टाकलं: केंद्राची मदत घेतलेल्या विमानतळांवर ही अट थेट कायद्यानेच बसली आणि ग्रँटच्या बाकीच्या बऱ्याच अटी साधारण २० वर्षांनी संपतात तशी ही संपत नाही, जागा विमानतळ म्हणून चालू आहे तोवर ती चालू. वळवलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, वर व्याज, आणि हट्टी मालकाची नुसती विमानतळाची नाही तर वाहतूक खात्याकडून येणारी इतरही मदत अडकवायची सोय ठेवलेली आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये एफएएने ह्या सगळ्याचं सविस्तर धोरण छापलं आणि आजही कोणताही वाद झाला की दोन्ही बाजूंचे वकील तेच उघडून बसतात.

आता खरी मेख. उघडउघड चेक फाडून विमानतळाचा पैसा शहराच्या खात्यात टाकणारे विरळाच, खरा खेळ बिलांचा असतो. समजा शहराचे पोलीस विमानतळावर पहारा देतात, शहराची फायर ब्रिगेड तिथे उभी असते, शहराचं वकील खातं विमानतळाच्या केसेस लढतं, शहराचं कॉम्प्युटर खातं त्यांचे सर्व्हर सांभाळतं. ह्या सेवांचे पैसे विमानतळाने द्यायलाच हवेत, त्यात गैर काही नाही. पण बिल बनवणारा आणि बिल पास करणारा एकाच महापौराच्या हाताखालचे असतील तर बिल फुगायला कितीसा वेळ लागतो? शंभर पोलीस दाखवायचे आणि त्यातले निम्मे बाजारपेठेत ड्युटीला, किंवा महापौर कार्यालयाच्या खर्चातला मोठा हिस्सा ओव्हरहेड म्हणून विमानतळाच्या माथी. म्हणून धोरण म्हणतं की खर्च प्रत्यक्ष दिलेल्या सेवेचा हवा, वाटणीची पद्धत लेखी आणि पारदर्शक हवी आणि तीच पद्धत शहराच्या इतर खात्यांनाही लावलेली हवी, विमानतळाला वेगळी मोजपट्टी नको.

उलटी चोरीही होते आणि ती चटकन दिसत नाही. पैसा बाहेर न काढता आत येऊच द्यायचा नाही. विमानतळाच्या कडेला मोक्याची जमीन पडलेली असते, शहर तिथे स्वतःचं कचरा गाड्यांचं गॅरेज बांधतं आणि भाडं नाममात्र, वर्षाला एखादा डॉलर. कागदावर कोणी काही नेलं नाही, पण त्या जमिनीचं बाजारभावाने भाडं आलं असतं ते बुडालं, म्हणजे वळवलंच. ह्याला एक माणुसकीचा अपवाद आहे, आवाजाने त्रासलेल्या शेजाऱ्यांसाठी मैदान किंवा बाग अशा गोष्टीला कमी भाड्यात जागा देता येते, जर त्याने विमानतळाबद्दल गावात सद्भावना तयार होत असेल आणि त्या जागेचा जास्त कमाईचा उपयोग होण्यासारखा नसेल. हद्दीबाहेरच्या घरांना आवाजरोधक खिडक्या बसवणंही चालतं. चालत नाही ते म्हणजे देणग्या, राजकीय वर्गणी, गावाच्या सर्वसाधारण आर्थिक विकासाच्या जाहिराती, आणि बुडालेल्या मालमत्ता कराची भरपाई म्हणून दिलेली रक्कम. विमान कंपनीने नवा मार्ग सुरू करावा म्हणून तिला थेट रोख सबसिडी देणंही बसत नाही, हे वाचून बऱ्याच लोकांना आश्चर्य वाटतं, कारण फी माफ करणं किंवा नव्या मार्गाच्या जाहिरातीत वाटा उचलणं मात्र बसतं. सीमारेषा बारीक आहे हे खरं.

उलट दिशेचा व्यवहारही मान्य आहे. शहराने पूर्वी विमानतळाला स्वतःच्या खिशातून पैसे घातले असतील तर ते परत मागता येतात, पण मागणी ६ वर्षांच्या आत करायची. ही मुदत मुद्दाम ठेवलीय, नाहीतर बजेट तुटीत गेलं की पन्नास वर्षांपूर्वीच्या वह्या उघडून आम्ही तुम्हाला अमुक दिलं होतं असं सांगायची सवय लागते, आणि तशी ती लागलीही होती.

ह्या सगळ्याचं सगळ्यात गाजलेलं रणांगण म्हणजे लॉस एंजेलिस. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शहर मंदीत होतं, १९९३ मध्ये निवडून आलेले महापौर रिचर्ड रिओर्डन ह्यांना पोलीस भरती वाढवायची होती आणि समोर शहराच्या एलएएक्स विमानतळासारखी दुभती गाय बांधलेली. त्याच वर्षी लँडिंग फी जवळजवळ तिप्पट झाली, विमान कंपन्यांनी वाढीव पैसे द्यायला नकार दिला, शहराने उतरूच देणार नाही अशी धमकी दिली, शेवटी केंद्राला मध्ये पडावं लागलं. विमान कंपन्यांचं म्हणणं हे की फी आधी फुगवायची आणि मग जास्तीचा पैसा तिजोरीत न्यायचा असा हा बेत आहे. १९९४ चे कडक नियम ह्याच वातावरणात आले.

विमान कंपन्या ह्यात इतक्या जागरूक का, तर अनेक विमानतळांवर करारच असा असतो की वर्षाअखेरीस विमानतळाचा खर्च भागून उरलेली रक्कम त्यांच्या पुढच्या फीमधून वजा होते. म्हणजे पार्किंगचा प्रत्येक डॉलर शहराकडे गेला की तो त्यांच्या खिशातून गेला. त्यामुळे ह्या नियमाचे खरे चौकीदार ऑडिटर कमी आणि एअरलाइन्सचे अकाउंटंट जास्त, प्रवाशांचं हित हे त्यांच्या हिताच्या मागून चालत येतं. कायद्याने वार्षिक ऑडिट आहे, विमानतळांना दरवर्षी एफएएकडे हिशोबाचे फॉर्म भरावे लागतात ज्यात इतर सरकारी खात्यांना काय दिलं त्याचा वेगळा फॉर्म असतो, आणि थेट झळ बसलेला कोणीही रीतसर तक्रार करू शकतो.

आता नियमाला पडलेलं मोठं भोक, ज्याला तिकडे ग्रँडफादरिंग म्हणतात, आपण जुन्यांना सूट म्हणू. ३ सप्टेंबर १९८२ च्या आधीपासूनच ज्यांच्या कायद्यात किंवा कर्जरोख्यांच्या करारात विमानतळाचा पैसा मालकाच्या इतर कामांना लावायची तरतूद होती त्यांना जुनी पद्धत चालू ठेवता येते. असे मालक मोजकेच आहेत पण नावं बघा. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीची पोर्ट अथॉरिटी, जी विमानतळांच्या कमाईतून तोट्यातल्या पाथ रेल्वेसारख्या गोष्टी तगवते. बॉस्टनचा लोगन विमानतळ चालवणारी मासपोर्ट, जिच्याकडे बंदरही आहे. सॅन फ्रान्सिस्को, जिथे १९८१ मध्ये विमान कंपन्यांशी झालेल्या समझोत्यानुसार दुकानं, पार्किंग वगैरेच्या कन्सेशन उत्पन्नातले १५ टक्के दरवर्षी शहराच्या तिजोरीत जातात, अगदी उजळ माथ्याने. सेंट लुईसचंही नाव ह्याच यादीत. काँग्रेसने ह्यांना मोकळं रान मात्र ठेवलं नाही: १९९४ च्या पातळीपेक्षा, महागाई धरून, जास्त पैसा काढला तर एफएए आपल्या मर्जीतल्या ग्रँट वाटताना ते विरोधात धरू शकते. तरी माझ्या मते न्याय म्हणून हे लंगडंच आहे, शेजारच्या राज्यातल्या छोट्या विमानतळाने एक डॉलर हलवला तर तिप्पट दंड आणि न्यूयॉर्कने हलवला तर परंपरा.

काही ठिकाणी मात्र नियमाच्या बाजूने बोलताना जीभ अडखळते, आणि हवाई त्यातलं एक. तिथे १८९३ मध्ये राणीचं राज्य उलथवल्यावर आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतल्यावर राजघराण्याच्या आणि राज्याच्या ज्या जमिनी अमेरिकेकडे गेल्या, त्यातल्या बऱ्याच पुढे राज्य सरकारकडे आल्या आणि होनोलुलूच्या विमानतळाचा काही भाग ह्याच जमिनीवर आहे. राज्याच्या कायद्याने ह्या जमिनींच्या उत्पन्नातला २० टक्के वाटा मूळ हवाईयन लोकांसाठीच्या ऑफिस ऑफ हवाईयन अफेअर्सला द्यायचा होता, आणि राज्य तो विमानतळाच्या पैशातून देत होतं. १९९० च्या दशकात केंद्राने म्हटलं की हे वळवणंच झालं. १९९७ मध्ये काँग्रेसने आधी दिलेले पैसे माफ केले पण पुढे द्यायला बंदी घातली, आणि त्याच बंदीच्या आधारावर २००१ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने वाट्याची व्याख्या करणारा राज्याचा कायदाच रद्द धरला, म्हणजे जमीन ज्यांची होती त्यांनाच सांगण्यात आलं की तुमचं भाडं म्हणजे बेकायदा खर्च. नंतर २००६ मध्ये राज्याने त्या जमिनींच्या उत्पन्नातून वर्षाला १.५१ कोटी डॉलरची ठोक रक्कम ठरवून दिली.

इंधनावरच्या कराचंही असंच गुंतलेलं आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये एफएएने स्पष्ट केलं की विमानाच्या इंधनावर लागणारा कर मग तो सगळ्याच वस्तूंवरचा सेल्स टॅक्स का असेना, आणि तो लावणारा विमानतळाचा मालक नसला तरी, त्याचा पैसा विमान वाहतुकीलाच जायला हवा (३० डिसेंबर १९८७ ला चालू असलेले जुने कर वगळून), आणि व्यवस्था बदलायला डिसेंबर २०१७ पर्यंतची मुदत दिली. आता जॉर्जियातली क्लेटन काउंटी बघा: अटलांटाचा विमानतळ मालकीने अटलांटा शहराचा पण त्याचा बराच भाग ह्या काउंटीच्या हद्दीत, त्यामुळे आवाज आणि ट्रॅफिक काउंटीच्या नशिबी, आणि इंधनावरच्या स्थानिक सेल्स टॅक्समधून तिथल्या शाळा चालायच्या. एफएएने ह्याबद्दल पाठवलेल्या पत्राविरुद्ध काउंटी कोर्टात गेली, पण २०१८ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की एफएएचं पत्र हा अंतिम आदेशच नाही, त्यामुळे आम्ही मुद्द्यात शिरतच नाही.

शेवटी खाजगीकरण. विमानतळ भाड्याने दिला तर मिळणारे पैसेही विमानतळाचेच उत्पन्न, मग शहराला त्यात रस काय? म्हणून १९९६ मध्ये एक प्रायोगिक योजना आली, ज्यात ६५ टक्के विमान कंपन्यांनी संमती दिली तर भाड्याची रक्कम मालकाला बाहेर नेता येते. शिकागोने मिडवे विमानतळासाठी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही फसले, पोर्तो रिकोतल्या सान हुआनचा व्यवहार २०१३ मध्ये पार पडला. पहिला नंबर मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या स्टुअर्ट विमानतळाचा, २००० मध्ये ९९ वर्षांच्या कराराने तो नॅशनल एक्सप्रेस ह्या ब्रिटिश कंपनीकडे गेला, पण कंपन्यांची ६५ टक्के संमती काही जमली नाही त्यामुळे राज्याला ते पैसे बाहेर नेता आले नाहीत. सात वर्षांत ती कंपनीही बाहेर पडली आणि २००७ मध्ये उरलेला करार विकत घेतला पोर्ट अथॉरिटीने, हो, तीच ती जुनी सूट असलेली.