दिवसाला एक मिलिमीटर

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुलेन-बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते त्या जीबीएस या आजाराचे, रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले, तेव्हा आमच्या नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दोन मेसेज फिरत होते. पाणी उकळून प्या आणि चिकन बंद करा. पहिला सल्ला बारमाही चांगला. दुसऱ्यात अर्धंच तथ्य, कारण नीट शिजवलेल्या चिकनचा काही दोष नाही. हल्ली तिसरा मेसेज येतो: ‘डॉक्टरांनी हात टेकले होते, पण नवस फळला आणि माणूस चालत घरी आला.’

दिवाळे कोळीवाड्यात माझ्या ओळखीचं एक घर आहे. त्या घराच्या मते तरी त्यांची गोष्ट हीच. दादांना जुलाब झाले, बरेही झाले. आठवडाभराने उजव्या पायात चप्पल टिकेना. दोन दिवसांत दोन्ही पाय गेले, मग हात, आणि छातीचे स्नायू ढिले पडल्यावर व्हेंटिलेटर लागला. वहिनींनी एकवीरा आईला नवस बोलला. आता दादा जेट्टीपर्यंत चालत जातात. वहिनींच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण मधल्या काळात दादांच्या पायात जे चाललं होतं ते कुणी त्यांना सांगितलंच नाही, याची मला हळहळ वाटते.

दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू जीबीएसचं एक मुख्य निमित्त. त्याच्या आवरणावरचे काही शर्करायुक्त रेणू आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंसारखे दिसतात. जिवाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) मग नसांवरच तुटून पडतात. दर लाख माणसांत वर्षाला एखाद-दोघांनाच हा आजार होतो, आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

आता नसेकडे येऊ. पाय हलवणाऱ्या चेतापेशीचं मुख्य शरीर कमरेच्या जरा वर, मज्जारज्जूत असतं. तिथून निघालेला एकच सलग तंतू पावलाच्या स्नायूपर्यंत जातो. लांबी जवळजवळ एक मीटर. त्याच्यावर मायलिन नावाच्या चरबीयुक्त थराचं वेष्टण असतं, पण अखंड नाही. साधारण मिलिमीटरभर वेष्टण, मग अगदी बारीक उघडी फट, पुन्हा वेष्टण. विजेचा संदेश फक्त या फटींवर नव्याने उमटतो, कारण हा संदेश उमटवणारे, सोडियमचे कण आत घेणारे दरवाजे तिथेच दाटीवाटीने असतात. ठाण्याला जाणारी फास्ट लोकल मधली स्टेशनं गाळते, तसा हा संदेश मधलं अंतर गाळत सेकंदाला 50 मीटरच्या आसपास धावतो. वेष्टणच नसलेल्या बारीक तंतूंत हाच वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. आणि ज्या तंतूला वेष्टणाची सवय आहे त्याचं ते सोललं, तर संदेश नुसता मंदावत नाही, बऱ्याचदा वाटेतच विझतो, कारण उघड्या पडलेल्या भागात पुरेसे सोडियमचे दरवाजेच नसतात.

जीबीएसच्या एका प्रकारात फक्त वेष्टण जातं. ते श्वान (Schwann) पेशी, म्हणजे नसांभोवती मायलिन गुंडाळणाऱ्या पेशी, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा गुंडाळतात. दुसऱ्या प्रकारात आतला तंतूच मरतो, आणि कॅम्पिलोबॅक्टरनंतर बहुधा हा प्रकार दिसतो. मेलेल्या भागाचा कचरा साफ होतो, श्वान पेशी रांगेत उभ्या राहून वाट आखतात आणि तुटलेल्या टोकातून नवा कोंब फुटतो. तो वाढतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. घाई करता येत नाही, कारण तंतूचा सांगाडा ज्या प्रथिनांचा होतो ती वर मज्जारज्जूतल्या पेशीतच तयार होतात आणि तिथून जवळजवळ याच संथ गतीने खाली सरकतात.

हिशोब करा. एक मीटर म्हणजे एक हजार दिवस, पावणेतीन वर्षं. तरीही दहातले सुमारे आठ रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालतात. हे कसं? काही रुग्णांत प्रतिपिंडांनी फक्त फटीवर संदेश अडवलेला असतो; तो अडथळा नुसता दूर होतो, तंतू शाबूत असतो. काहींत इजा स्नायूजवळच्या अगदी शेवटच्या टोकाला असते, म्हणजे अंतर थोडंच उरतं. आणि मला सर्वांत आवडणारी युक्ती: शेजारचा वाचलेला तंतू फांदी फोडून पोरक्या स्नायूधाग्यांना दत्तक घेतो.

औषध म्हणाल तर हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेली इम्युनोग्लोब्युलिन्स, म्हणजे प्रतिपिंडं, किंवा रुग्णाचा प्लाझ्मा (रक्तद्रव) बदलणं. खर्च लाखांत जातो. वहिनींच्या बांगड्या त्यातच गेल्या. याने हल्ला लवकर थांबतो, कोंबाचा वेग वाढत नाही. मालिशवाल्याच्या तेलानेही नाही, आणि पॅम्फ्लेट वाटून विकल्या जाणाऱ्या ‘स्टेम सेल’नेही नाही. या दोघांत फरक एवढाच की दुसऱ्याकडे एसी असतो.

प्रार्थनेचीही परीक्षा झाली आहे. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या 1,802 बायपास रुग्णांवरचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे न कळलेल्यांपैकी ज्यांच्यासाठी ती झाली त्यांच्यात 52 टक्के, न झालेल्यांत 51 टक्के जणांना गुंतागुंत झाली. नक्की होणार असं सांगितलेल्यांत 59 टक्के! पण तिथे प्रार्थना करणारे दूरचे अनोळखी लोक होते. वहिनी खाटेशी होत्या.

आणि खाटेशी असण्याला इथे शास्त्रीय अर्थ आहे. मेंदूतलं मायलिन वेगळ्या पेशी बनवतात, म्हणून जीबीएसचा हल्ला तिथे सहसा पोचत नाही. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण बोट हलवू शकत नाही, पण औषधाने झोपवलेला नसेल तर सगळं ऐकतो. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा की नाही, अशी भाषा वहिनींनीच ठरवली. कुणाच्या होडीला पापलेट लागलं, कुणाचं जाळं फाटलं, हे त्या रोज सांगत. दर दोन तासांनी कूस बदलायची, घोटा हळूच वर-खाली करायचा. हे नर्सच्या जोडीने घरच्यांनी केलं. कोंब पावलापर्यंत पोचेल तेव्हा घोटा आखडलेला असेल, तर पोचून उपयोग काय? नवस बोलल्यामुळे त्या इतके महिने टिकल्या असतील, तर माझी काही हरकत नाही.

सध्या घरात वेगळीच कुरबूर आहे. दादा दुपारी आडवे होतात आणि मुलगा म्हणतो, ‘बाबा, आता बरे झालात ना?’ जीबीएसनंतरचा थकवा कित्येकदा वर्षानुवर्षं राहतो. दत्तक घेतलेले धागे सांभाळणाऱ्या चेतापेशीवर आधीपेक्षा जास्त भार असतो, आणि व्यायाम ताणून केला तर दुसऱ्या दिवशी पाय ओढावा लागतो. म्हणून फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम थोडा थोडा, मध्ये विश्रांती घेऊन करायचा. मुलाला हे मी दोनदा समजावलं आहे. वहिनींना समजवावं लागलं नाही.